तारखेचे गावकूस : फुटपाथवरचा माणूस आणि पक्षांची भूमिका

१

राजकीय पक्षांचे जाहीरनामे कुणी गंभीरपणे वाचू नयेत, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. निवडणुकीपुरते छापलेले कागद, त्यात काय वाचायचे? मला हे मान्य नाही. आपण कविता वाचतो, कथा वाचतो, तिच्यातल्या शब्दांमागे कोणती मूल्ये उभी आहेत ते तपासतो. मुख्यमंत्र्याचे निवेदन, सरकारचे न्यायालयातले प्रतिज्ञापत्र, पक्षाचा जाहीरनामा हेही लिखाणच आहे. या लिखाणाच्या जोरावर माणसांची खोपटी उभी राहतात आणि जमीनदोस्त होतात. मग दलित समीक्षेने त्याची उलटतपासणी का करू नये?

या लेखात ही तपासणी मी एका प्रश्नापुरती करणार आहे. ज्याला घर नाही, म्हणून जो फुटपाथवर, पुलाखाली, रस्त्याच्या कडेला राहतो, त्याच्याविषयी महाराष्ट्रात सत्तेवर आलेल्या पक्षांनी कोणती भूमिका घेतली? आणि आपण आंबेडकरी म्हणवणाऱ्यांनी कोणती घेतली?

१३ जुलै १९८१ पासून सुरुवात करू. त्या दिवशी महाराष्ट्राचे तेव्हाचे काँग्रेसी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले, की मुंबईच्या फुटपाथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवण्यात येईल. कारणही त्यांनी दिले. असले जगणे अमानुष आहे, ही खोपटी तकलादू आहेत, पावसाळ्यात ही माणसे तिथे सुखाने राहू शकत नाहीत.

हे कारण सावकाश वाचावे. पावसाळ्यात खोपटात हाल होतात, म्हणून भर पावसाळ्यात खोपट मोडायचे! माणसाची दया येते, आणि ती दया त्याच माणसाला उचलून नजरेआड टाकते. ही दया आपल्या ओळखीची आहे. अस्पृश्यांच्या तहानेने कळवळणारे भले लोक पूर्वीही होते. त्यांच्यातल्या कित्येकांना गावची विहीर खुली करायची नव्हती. महारवाड्याला निराळी विहीर खणून द्यायची होती.

त्या घोषणेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. १५ ऑक्टोबरपर्यंत खोपटी पाडणार नाही, असे सरकारपक्षाने कबूल केले. तरीही २३ जुलैला आपल्याला एस.टी.च्या बसगाड्यांत कोंबून शहराबाहेर काढण्यात आले, अशी याचिकाकर्त्यांची तक्रार होती. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या नावाने ते आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगणारा हा निकाल म्हणून तो गाजला. पण विद्यार्थी त्यातले तत्त्व पाठ करतात आणि माणसे सोडून देतात. आपण आधी माणसे पाहू.

२

निकालात एका माणसाची हकीकत आहे. हा माणूस १९६९ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरहून मुंबईला आला. गावी तो जोडे शिवायचा. दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. गावातले त्याचे नावापुरते घर पडले. मुंबईत त्याला महिना ३५० रुपयांवर बदली कामगाराचे काम लागले. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले. बांबू आणि प्लॅस्टिकच्या कापडाला ७०० रुपये लागले.

म्हणजे डोक्यावर प्लॅस्टिक यायला त्याला जवळजवळ तीन महिन्यांची कमाई घालावी लागली. फुटपाथवरचा माणूस फुकट राहतो, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशोब लक्षात ठेवावा.

निकालात त्याचा धंदा आहे, जात नाही. न्यायालयाच्या भाषेला जात लागत नाही. पण मराठी वाचकाला गावातला जोडे शिवणारा म्हटल्यावर आणखी काय सांगायचे राहते? त्याचे घर पडले आणि पुन्हा उभे राहिले नाही, यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे भूमिहीनपण आहे. शेती असती तर पडलेले घर त्याने एका सुगीत उभे केले असते. न्यायालयाला तो गरीब दिसला. गावाने त्याला गरिबीच्या आधी जे ठरवून टाकले होते, ते निकालात उतरले नाही. एक शब्द गळला आणि त्याच्याबरोबर अर्धे कारण गळले.

इथेच आणखी एका पक्षाची भूमिका तपासून घ्यावी. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेने मुंबईचा प्रश्न भूमिपुत्र आणि उपरे असा मांडला. फुटपाथ भरले ते परप्रांतीयांनी, हा त्या मांडणीचा एक भाग. या मांडणीत संगमनेरच्या माणसाला कुठे बसवायचे? तो मराठी. त्याचे आईबाप, आजे-पणजे याच मातीतले. भूमिपुत्र म्हणावे तर त्याच्यापाशी भूमीच नाही. आणि तमिळनाडूतल्या सेलमहून आलेला, दुष्काळाने काम गमावलेला भूमिहीन मजूर त्याच निकालात त्याच्या शेजारी उभा आहे. दोघांची भाषा निराळी, पण दोघेही एकाच कारणाने आले. भाषेची रेघ ओढून या दोघांना वेगळे करणाऱ्या पक्षाला त्यांना आणणारे कारण पाहायचे नसते.

सरकारने प्रतिज्ञापत्रात आणखी एक आरोप केला होता. फुटपाथवर आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांत गुन्हेगारी वृत्ती विशेष असते म्हणे. न्यायालयाने तो निराधार ठरवला. त्यासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकाने सांगितलेल्या पाहण्यांचा आधार घेतला. त्या पाहण्यांप्रमाणे फुटपाथवासीयांपैकी ५३ टक्के स्वतःचा किरकोळ धंदा करणारे होते. भाजी, फुले, खेळणी, फुगे, सुया-बटणे विकणारे. ३८ टक्क्यांहून अधिक मजुरीवर होते. बांधकामावर, घरकामात, हमालीत. कामच नसलेले फक्त १.७ टक्के! एखाद्या सुखवस्तू वस्तीतसुद्धा इतके कमी बेकार सापडणे कठीण.

आणि त्याच परिच्छेदात एक उल्लेख आहे, त्यापाशी आपला वाचक थांबल्याशिवाय राहणार नाही. त्या अभ्यासकाला फुटपाथवर मराठवाडा विद्यापीठाचा एक पदवीधर आढळला होता. नाव नाही, जात नाही, पदवीचा विषय नाही. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमची घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत आम्ही विद्यापीठाच्या दारावरच्या नावासाठी जीव दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. पण त्याच दारातून बाहेर पडलेला एक पदवीधर मुंबईच्या फुटपाथवर झोपत होता, हे आमच्या किती व्याख्यानांत आले?

३

निकालाकडे परत येऊ. त्याचे दोन भाग आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. पहिल्या भागात न्यायालय म्हणते, की माणूस फुटपाथवर राहतो तो कामाजवळ राहावे लागते म्हणून. त्याला तिथून उठवले तर त्याचे काम जाते. काम गेले तर जगणे जाते. म्हणून उपजीविका आणि जगणे वेगळे करता येत नाही. हे विवेचन आजही वाचणाऱ्याला बळ देते.

दुसऱ्या भागात आदेश आहे. फुटपाथ पायी चालणाऱ्यांसाठी आहे, तिथे घर बांधण्याचा हक्क कुणाला नाही. १८८८ च्या महापालिका कायद्याखाली आयुक्त अतिक्रमण काढू शकतात. एरवी आधी नोटीस द्यावी. १९७६ च्या गणतीत ज्यांची नोंद झाली, त्या फुटपाथवासीयांना मालवणीला किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी. मात्र जागा दिल्याशिवाय हटवता येणार नाही, अशी अट नाही. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना होईपर्यंत, कुणाला हटवू नये.

तुळशीवाडी ताडदेवला आणि मालवणी मालाडच्या पलीकडे खाडीकाठी. पहाटेच्या पाळीला बदली मिळते का पाहायला गिरणीच्या, कारखान्याच्या फाटकाशी उभे राहणाऱ्या माणसाला मालवणीची जागा म्हणजे काय? कामाजवळ राहणे हेच जगणे, असे ज्या निकालाने सांगितले, त्यानेच शेवटी माणसाला कामापासून तोडले. तत्त्व आम्हाला मिळाले आणि फुटपाथ महापालिकेला.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९७६ हा आकडा. गणती करणारा ज्या दिवशी फिरला, त्या दिवशी ज्याच्या चार काठ्यांपाशी तो थांबला, तो माणूस धरला गेला. ज्याच्यापाशी थांबला नाही, तो सुटला. एका वर्षाची रेघ ओढली गेली. रेघेच्या आतला माणूस बिचारा, बाहेरचा अतिक्रमक. तिथून पुढे महाराष्ट्रात या प्रश्नावर पक्षांची भूमिका म्हणजे ही रेघ कुठे ओढायची एवढीच राहिली.

४

ही रेघ कशी सरकत गेली ते पाहा. १९७६ नंतर १९८५ आले. १९९५ साली शिवसेना-भाजप युतीने चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन दिले आणि सत्ता मिळवली. उपऱ्यांविरुद्ध बोलणारा पक्ष झोपडीवाल्यांच्या मतांवर निवडून आला. मग १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवरच्या झोपड्याही धरल्या गेल्या. हे पाऊल पुढचे होते; ते कुणी उचलले म्हणून नाकारण्याचे कारण नाही. पण घर बांधायचे बिल्डरने, आणि त्याचा मोबदला म्हणून त्याने जादा चटई क्षेत्र बाजारात विकायचे, अशी ती रचना. जिथे जमिनीला भाव, तिथे योजना. गरिबाचे घर श्रीमंताच्या घराच्या नफ्यावर टांगले गेले. बाजार चढला तर घर, बाजार पडला तर वर्षानुवर्षे संक्रमण शिबिर.

२००४ साली काँग्रेसने जाहीरनाम्यात वचन दिले, की २००० सालापर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देऊ. ऑक्टोबरात निवडणूक झाली, काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार आले, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. डिसेंबरात बुलडोझर निघाले. मुंबईचे शांघाय करायचे होते. त्या हिवाळ्यात ऐंशी हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या गेल्या. पाडताना तारीख धरली ती १९९५ ची. दोन-तीन महिन्यांपूर्वी मत मागताना जो माणूस २००० पर्यंतचा म्हणून आपला होता, तो मत पडल्यावर १९९५ नंतरचा म्हणून परका झाला. ओरड झाली, दिल्लीहून पक्षश्रेष्ठींनी दखल घेतली, पाडापाडी थांबली. २०१४ साली, पुन्हा निवडणुकीच्या तोंडावर, २००० ही तारीख कायद्यात आली. पुढे पैसे भरून घर घेण्याच्या अटीवर १ जानेवारी २०११ आली.

पक्ष बदलले, तारखा बदलल्या. कारभाराची पद्धत तीच राहिली. तारीख पाच वर्षे पुढे सरकते, तेव्हा पक्ष उदार ठरतो. पण तारीख म्हणजे काय, हा प्रश्न एकही पक्ष विचारत नाही. तारीख म्हणजे गावकूस. पूर्वी गावाभोवती भिंत असे, आत गाव, बाहेर आपण. आता ती भिंत दिनदर्शिकेत बांधली आहे. जन्माने ठरणारे अस्पृश्यत्व आणि येण्याच्या दिवसाने ठरणारी अपात्रता एकच आहेत, असे मी म्हणत नाही. पण दोन्हींचे काम एक आहे. माणसाने काय केले, तो किती राबला, शहराला तो किती लागतो, यातले काहीही न विचारता त्याला बाहेर ठेवता येते.

पुनर्वसनाच्या यादीला परिशिष्ट-२ म्हणतात. त्या यादीत नावापुढे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ लिहितात. पात्र-अपात्र हे शब्द कुठून आले ते आपल्या वाचकाला सांगायला नको. दान कुणाला द्यावे, विद्या कुणाला द्यावी, हे ठरवताना शास्त्रांनी हेच शब्द वापरले होते.

पात्रता सिद्ध करायची ती कागदांनी. मतदारयादीत नाव, रेशनकार्ड, विजेचे बिल. आणि फुटपाथवरच्या माणसाचे हे कागद असतात कुठे? पत्र्याच्या पेटीत, खोपटात. पालिकेची गाडी येते तेव्हा बांबू, प्लॅस्टिक, भांडी यांच्याबरोबर पेटीही जाते. जे सरकार पुरावा मागते, त्याचीच गाडी पुरावा उचलून नेते.

न्यायालयाची भाषाही या काळात कशी बदलली पाहा. १९८५ साली फुटपाथवरच्या माणसाच्या जगण्याचा विचार करणाऱ्या त्याच सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्लीच्या एका प्रकरणात म्हटले, की अतिक्रमण करणाऱ्याला फुकट पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखे आहे. पंधरा वर्षांत उपजीविका शोधणारा माणूस खिसेकापू झाला. माणूस तोच होता. अर्थव्यवस्था बदलली होती, आणि तिच्याबरोबर जमिनीचा भाव.

५

यात आणखी खाली एक पायरी आहे आणि तिथे कुठल्याच पक्षाची भूमिका पोचत नाही. तारखेचा लाभ मिळतो तो झोपडीला. चार काठ्या आणि वर छप्पर असेल तर त्या बांधकामाला संरक्षण. ज्याच्यापाशी काठ्याच नाहीत, जो रात्री अंथरूण पसरतो आणि पहाटे गुंडाळतो, त्याला कोणती तारीख लागू करणार? २०११ च्या जनगणनेत मुंबईत अशा बेघरांची संख्या सत्तावन्न हजारांवर भरली. जनगणनेच्या एका रात्रीत रस्त्यावर सापडली तेवढीच ही माणसे. लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले. त्या हिशोबाने सव्वा कोटीच्या मुंबईला सव्वाशे निवारे लागतात. कोणत्या पक्षाच्या नगरसेवकाने आपल्या प्रभागातल्या निवाऱ्यासाठी महापालिकेचे सभागृह अडवून धरले?

या माणसासाठी निवाऱ्याच्या कितीतरी आधी कायदा आला, तो भिक्षा प्रतिबंधाचा. १९५९ च्या मुंबई राज्याच्या या कायद्यात भिकाऱ्याची व्याख्या हात पसरणाऱ्यापुरती नाही. पोट भरण्याचे साधन दिसत नाही आणि जो सार्वजनिक ठिकाणी अशा अवस्थेत राहतो की भिकेवर जगत असावा असे वाटेल, तोही भिकारी. म्हणजे नुसते दिसणे हाच गुन्हा. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या या कायद्याच्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. हा कायदा जिथे जन्मला, त्या महाराष्ट्रात मात्र तो निवडणुकीचा विषय झाला नाही. काठ्या असतील तर तारीख, काठ्या नसतील तर भिक्षेकरी गृह, अशी ही उतरंड आहे. उतरंडीची रचना कशी असते हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

६

इथे एक आक्षेप येतो. अभ्यासवर्गात तो नेहमी येतो आणि तो टाळू नये. फुटपाथ चालणाऱ्यांचा नाही का? आंधळा माणूस, पोर कडेवर घेतलेली बाई, डोक्यावर पाटी घेतलेला हमाल यांनी रस्त्याच्या मधून चालायचे का?

आक्षेप खरा आहे. या शहरात पायी चालणारा बहुधा गरीबच असतो. म्हणून काही कार्यकर्ते फुटपाथच्या लढ्याला महाडच्या सत्याग्रहाशी जोडतात, ते मला पटत नाही. १९२७ साली चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले ते सार्वजनिक पाणी इतरांसारखेच आपणही पिण्यासाठी. त्यात कुणाचे पाणी कमी होत नव्हते. फुटपाथवर एकाचे घर झाले की दुसऱ्याची वाट जाते. ही दोन गरजूंची टक्कर आहे आणि घोषणा देऊन ती मिटत नाही.

पण ही टक्कर कुणी लावली? झोपणाऱ्याची मागणी फुटपाथची कधीच नव्हती. कामाजवळ, त्याला परवडेल असे घर, ही त्याची मागणी. ती पुरी झाली नाही म्हणून तो चालणाऱ्याच्या वाटेवर आला. आणि फुटपाथ व रस्ता अडवून उभ्या राहणाऱ्या मोटारींना अतिक्रमण म्हणण्याची सवय आपल्याला अजून झालेली नाही. त्यांना आपण वाहनतळाची अडचण म्हणतो. एकाच जागेवर मोटार उभी राहिली की अडचण आणि माणूस आडवा झाला की अतिक्रमण, हा शब्दांचा वर्णभेद आहे.

फुटपाथच्या प्रश्नाला खरा आधार महाडपेक्षा आपल्या भूमी सत्याग्रहात सापडतो. तो इतिहास आपण विसरलो म्हणून आपली भूमिकाही हरवली.

७

१९४७ साली बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये वसाहत आयोगाची मागणी केली. सरकारच्या ताब्यातली पडीक जमीन घेऊन तिच्यावर अस्पृश्यांची स्वतंत्र गावे वसवावीत, अशी ती योजना होती. तिच्यात एक सरळ विचार आहे. जी जमीन सर्वांची म्हणून सरकारपाशी आहे, तिच्यावर पहिला हक्क ज्याच्यापाशी काहीच नाही त्याचा. त्याच विचारावर १९५३ साली मराठवाड्यात आणि १९५९ साली पुन्हा, भूमिहीनांनी सत्याग्रह केले. पुढे १ ऑक्टोबर १९६४ ला रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली, आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला. लाखो माणसे तुरुंगात गेली.

त्या सनदेत दहा मागण्या होत्या. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही एक. किमान वेतनाचा कायदा अमलात आणा, ही एक. आणि त्याच कागदावर झोपडपट्टीत राहणाऱ्यांची स्थिती सुधारा, हीही एक. गावची जमीन, मजुरी आणि शहरातली झोपडी एका कागदावर! संगमनेरच्या माणसाचे सगळे आयुष्य त्या तीन मागण्यांत मावते. गावात जमीन मिळाली असती तर तो आला नसता, पुरती मजुरी मिळाली असती तर फुटपाथवर राहिला नसता. इतकी सलग भूमिका त्या आधी आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या सत्ताधारी पक्षांपैकी एकाही पक्षाला मांडता आलेली नाही.

मग ती गेली कुठे? पक्ष फुटला. एक गट काँग्रेसकडे, एक गट दुसरीकडे, आणि पुढे एक गट थेट युतीकडे. मंत्रिपदे आली, महामंडळे आली. जमीन आणि झोपडी एकमेकींपासून तुटल्या. जमीन ग्रामीण कार्यकर्त्याकडे गेली, झोपडी शहरातल्या शाखाप्रमुखाकडे. ओल्गा टेलिस प्रकरणात न्यायालयात गेले ते फुटपाथवासी, नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटना आणि पत्रकार. रिपब्लिकन नावाचा एकही गट त्या याचिकांवर नव्हता. हे वाचून वाईट वाटते. पण वाईट वाटून घेण्यापेक्षा ते लिहून ठेवणे बरे.

जमिनीच्या बाजूला काय झाले तेही सांगतो. गायरानावर कसणारे आमचे लोक सरकारी कागदात अतिक्रमक म्हणूनच राहिले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले, पण कोणती? १४ एप्रिल १९९० पर्यंतची. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस! गावातही तारीख, शहरातही तारीख. गावातही अतिक्रमण, शहरातही अतिक्रमण. गायरानातून उठवलेला माणूस मुंबईची गाडी धरतो आणि फुटपाथवर पुन्हा त्याच शब्दाने ओळखला जातो. प्रश्न एकच आहे, हे ओळखायला सरकारचे शब्दच पुरेसे आहेत.

आपल्या साहित्याला हे कळले होते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये गाव आणि मुंबई वेगळे करता येत नाहीत, एकाच माणसाच्या आत दोन्ही एकदम चालतात. पवारांचे धामणगाव अकोले तालुक्यातले, संगमनेरच्या शेजारचे. हे पुस्तक १९७८ चे, अंतुल्यांची घोषणा १९८१ ची. ज्यांनी पुस्तक डोक्यावर घेतले त्या पांढरपेशा वाचकांपैकी कितीजणांनी तीन वर्षांनी त्याच वाटेने आलेल्या माणसाला बसमध्ये कोंबताना आवाज केला? हा प्रश्न त्यांचा. आमचा प्रश्न आणखी अवघड. आमच्या लेखकांनी झोपडपट्टीचे चित्रण उदंड केले. पण पुढे ती बहुतेक वेळा अनुभवाची पार्श्वभूमी झाली. जमिनीच्या मालकीचा प्रश्न म्हणून तिच्याकडे पाहणारे लेखन थोडे. दुःख सांगितले, सातबारा विचारला नाही.

८

तेव्हा मत मागायला येणाऱ्याला काय विचारायचे? कुठल्या तारखेपर्यंत संरक्षण देणार, हा प्रश्न आपण सोडून दिला पाहिजे. तो विचारला की गावकूस आपण मान्य केले, फक्त चार हात पुढे सरकवून मागितले, असे होते. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, आमच्या जिल्ह्यातल्या गायरान आणि पडीक जमिनींपैकी किती भूमिहीनांच्या नावावर करणार, आणि केव्हा? दुसरा, शहरातल्या गिरण्यांच्या, बंदराच्या, सरकारी खात्यांच्या मोकळ्या जमिनींपैकी किती जमीन बिल्डरच्या हातात न देता, कामाजवळच्या भाड्याच्या घरांसाठी ठेवणार? तिसरा, ज्याच्यापाशी काठ्याही नाहीत त्याच्यासाठी आमच्या प्रभागात निवारा कुठे बांधणार, ती जागा आज दाखवा. हे तीन प्रश्न एकाच कागदावर हवेत. त्यातला एक सुटा करून त्याचे उत्तर दिले, की तो पक्ष उरलेल्या दोन ठिकाणी आपल्याला फसवतो आहे असे समजावे. आणि जे आपले म्हणवतात, निळा झेंडा घेऊन येतात, त्यांना हे प्रश्न आधी विचारावेत. त्यांना १९६४ चा कागद दाखवावा. तो त्यांच्याच पक्षाचा आहे.

अंतुल्यांच्या घोषणेत म्हटले होते, फुटपाथवरच्यांना मूळ गावी पाठवू. संगमनेरच्या माणसाला त्या बसमध्ये बसवून संगमनेरच्या स्थानकावर उतरवले असते, तर तिथून तो कुठे गेला असता? त्याचे घर पडलेले होते. जमीन त्याच्या नावावर नव्हती. ज्या पक्षाला या प्रश्नाचे उत्तर गावाचे नाव आणि गट नंबर सांगून देता येत नाही, त्या पक्षाची फुटपाथवरच्या माणसाविषयी काही भूमिका आहे, असे आपण मानू नये.